प्रति ४१५००१, प्रेषक ४१६४१६

नवी हळद आली की सांगलीहून साताऱ्याच्या ताईला पार्सल जातं. यंदा पत्ता लिहून झाला आणि नजर दोन पिनकोडांवर अडकली. वर साताऱ्याचा ४१५००१, खाली सांगलीचा ४१६४१६. शेजारच्या जिल्ह्यांचे आकडे, दिसायलाही जवळचे. पण आतून पार वेगळे.

सांगलीचा आकडा लगेच उलगडतो. ४१६ दोनदा, म्हणजे ४१६ × १००१. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. कुठलेही तीन अंक लागोपाठ दोनदा लिहा, या तिघांनी भाग जाणारच. ४१६ मध्ये पाच वेळा २ आणि आणखी एक १३ दडलाय. सगळे विभाजक मोजले तर ७२ भरतात. अंकांची बेरीज २२, तिनेही नि:शेष भाग जातो: २२ × १८९२८. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. किती गोड नाव!

साताऱ्याचा आकडा मात्र दाद देईना. ७ ने भागलं, बाकी ६. ११ ने, बाकी ४. १३ ने, बाकी २. आता १७ ला शून्य येणार असं वाटलं, तर आली १४! ८३ ला अवघ्या एकाने हुकलं. अवयव शोधताना वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरतं. पण इथे वर्गमूळच ६४४ च्या पुढे, आणि तिथवर मूळ संख्या आहेत ११७. पावतीची मागची बाजू केव्हाच भरली होती.

तेव्हा फर्मा आठवले. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती अशी: संख्येहून जरा मोठा वर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, उरलेलाही वर्ग निघाला तर काम फत्ते. ६४५ चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ गेले, उरले १०२४. म्हणजे ३२ चा वर्ग! पहिल्याच फटक्यात. शाळेत घोकलेलं अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) इथे कामी आलं: ६७७ × ६१३. दोन्ही मूळ संख्या. एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसलो असतो, तर ६१३ ची पाळी ११२ वी होती.

हे जमलं ते दोन अवयव एकमेकांच्या इतके जवळ होते म्हणून. इंटरनेटवरची गुपितं जपणाऱ्या आरएसए पद्धतीतही दोन मूळ संख्यांचा गुणाकारच असतो, फक्त तो नेहमीच्या वापरात ६१७ अंकी. तिथे त्या दोघी फार जवळ असून चालत नाही, नाहीतर फर्मांची हीच युक्ती कुलूप उघडेल. २०२० मध्ये संशोधकांनी अशी एक २५० अंकी संख्या फोडली, तीही असंख्य संगणक जुंपून.

हळदीच्या पुड्यासोबत भाचीसाठी चिठ्ठी टाकली आहे: ‘तुमच्या गावचा पिन फोडून दाखव. ६४५ पासून सुरुवात कर.’