जमीन सरकारी, हॉस्पिटल खासगी: हे सुरू कधी झालं?

महापालिकेच्या हॉस्पिटलची जागा खासगी कंपनीला देणार अशी बातमी आली की लोकांना वाटतं हे काहीतरी नवीन काढलंय. नवीन नाहीये, चांगली पस्तीस-चाळीस वर्षं चाललंय. पण त्याच्या आधीची शंभर वर्षं नेमकं उलटं होतं आणि सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण तेव्हा खासगी पैसा सरकारी दवाखान्यात यायचा.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले, सरकारने आपले घातले आणि १८४५ मध्ये मुंबईत जेजे हॉस्पिटल सुरू झालं. परळचं केईएम १९२६ चं. त्याला जोडून जे जीएस मेडिकल कॉलेज आहे त्यासाठी शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टने देणगी दिली, पण एक अट घालून, की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. आज वाचताना ही अट साधी वाटते, पण तेव्हा मोठ्या जागांवर इंग्रज डॉक्टर बसायचे, त्यामुळे पालिकेने हे मान्य करणं ही मोठी गोष्ट होती. मान्य केलं आणि पाळलंही. नायर हॉस्पिटल तर डॉ. नायर यांनी स्वतः उभं केलेलं, ते १९४६ मध्ये पालिकेकडे आलं.

चाक उलटं फिरलं ते ऐंशीच्या दशकात. सरकारकडे मोठी हॉस्पिटलं बांधायला पैसा नाही, कंपन्यांकडे आहे, मग जमीन आम्ही देतो, तुम्ही बांधा आणि बदल्यात गरिबांसाठी काही खाटा ठेवा, असा हिशोब. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दिल्लीचं इंद्रप्रस्थ अपोलो. १९८८ चा करार, १५ एकर जमीन, भाडं महिना १ रुपया, वर दिल्ली सरकारची २६ टक्के भागीदारी. बदल्यात एक तृतीयांश खाटा आणि ४० टक्के ओपीडी मोफत. हॉस्पिटल १९९६ ला सुरू झालं आणि भांडण लागलं ते 'मोफत' या एका शब्दावर, म्हणजे खाट फुकट पण औषधं, सुया, सामान याचे पैसे पेशंटने द्यायचे का? दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये सांगितलं की मोफत म्हणजे औषधं-सामानासकट सगळंच मोफत. तरी २०२५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाला म्हणावं लागलं की गरिबांवर मोफत उपचार होत नसतील तर हॉस्पिटल सरकारी एम्सकडे देऊ.

आपल्याकडे महाराष्ट्रात धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या हॉस्पिटलांसाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ४१ एए कलम आहे आणि २००६ पासून मुंबई हायकोर्टाची योजना आहे, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. कागदावर खूप चांगली योजना आहे. शेजारच्या काकूंना घेऊन मी अशाच एका ठिकाणी गेलो होतो, केशरी रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्सचे दोन सेट, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट घेऊन. काउंटरवरच्या बाईंनी पिशवी उघडलीसुद्धा नाही, राखीव खाट शिल्लक नाही, डिपॉझिट भरा म्हणाल्या. खरंच शिल्लक नव्हती का हे तपासायचं कुणाकडे, हे तिथे उभं राहून कळत नाही. काकू बाकावर बसून पदराने घाम पुसत होत्या आणि मलाच म्हणत होत्या, जाऊदे रे, सायनला जाऊ, म्हणजे पालिकेच्या हॉस्पिटलात.

मुंबईतलं अंधेरी मरोळचं सेव्हन हिल्स तर प्रत्येकाने समजून घ्यावं असं प्रकरण आहे. जमीन पालिकेची, २००५ चा करार, १५०० खाटांचं हॉस्पिटल बांधायचं आणि २० टक्के खाटा पालिकेच्या पेशंटसाठी. कंपनी कर्जात बुडाली, २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि हॉस्पिटल दुसऱ्या खासगी ग्रुपला देण्याचा प्लॅन मंजूरही झाला, म्हणजे जमिनीची मालक पालिका आणि कुणाला द्यायचं हे ठरवणार भलतेच! २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो प्लॅन रद्द केला, पालिकेच्या मंजुरीशिवाय तिच्या जमिनीचं असं काही करता येणार नाही म्हणून. त्यात एक बारीक गोष्ट अशी की करारानंतर जो भाडेपट्टा व्हायला हवा होता तो शेवटपर्यंत झालाच नव्हता. चारच महिन्यांनी कोविड आला आणि हीच इमारत पालिकेला हाताशी मिळाली, हजारो पेशंट तिथे बरे झाले. जागा तेव्हा हातातून गेली असती तर काय झालं असतं याचा विचार करूनच पोटात गोळा येतो.

त्यानंतर मॉडेल अजून पुढे गेलं. नीती आयोगाने २०१७ मध्ये जिल्हा रुग्णालयांतली जागा खासगी पार्टीला ३० वर्षांसाठी द्यायचा आराखडा मांडला, २०२० मध्ये अख्खं जिल्हा रुग्णालय खासगी मेडिकल कॉलेजला ६० वर्षांसाठी जोडायचा. म्हणजे आता मोकळी जमीन नाही, चालू हॉस्पिटलच. २०२५ मध्ये मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दची लोकं रस्त्यावर आली ती याच भीतीने.

तुमच्या भागातल्या हॉस्पिटलचं टेंडर निघालं तर खाटांच्या टक्केवारीवर थांबू नका. 'मोफत'मध्ये औषधं धरलीत का आणि खाट रिकामी आहे की नाही हे सांगणारा माणूस पालिकेचा असेल की कंपनीचा, ही दोन पानं आधी शोधा.