रस्ते अपघातात जखमी झालेल्यांची नुकसानभरपाई : आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

मोटार अपघातात जखमी झालेली व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक आमच्या कार्यालयात प्रथम येतात, तेव्हा बहुतेकांजवळ रुग्णालयाच्या बिलांची पिशवी असते आणि एवढे तरी परत मिळेल का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. बिलांची रक्कम मागता येतेच; परंतु ज्या दुखापतीमुळे माणसाचे काम कायमचे बदलते किंवा सुटते, त्या दुखापतीत बिले हा दाव्याचा मुख्य भाग नसतो. मुख्य भाग कोणता आणि तो कशाच्या आधारे ठरतो, हे पक्षकारांनी आधीच समजून घ्यावे यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. अपघात जेथे झाला तेथील, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरण अर्जदाराला निवडता येते. त्यामुळे दूरच्या महामार्गावर अपघात झाला म्हणून जखमी माणसाने तेथवर खेटे घालण्याची गरज नसते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्या भरवशावर कोणीही थांबू नये, असे आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. उपचार अजून चालू आहेत, हे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण पुढील खर्चाचा पुरावा अर्ज दाखल झाल्यानंतरही देता येतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात जखमी व्यक्तीच्या भरपाईची शीर्षके, म्हणजे ज्या ज्या बाबींसाठी रक्कम मागता येते त्या बाबी, स्पष्ट केली आहेत. उपचार, औषधे, रुग्णालयात येण्याजाण्याचा प्रवास आणि पौष्टिक आहार यांचा खर्च, तसेच उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, ही शीर्षके प्रत्येक दाव्यात येतात. दुखापत गंभीर असेल आणि वैद्यकीय पुरावा तसा असेल, तर कायमच्या अपंगत्वामुळे होणारे भावी कमाईचे नुकसान, पुढे लागणाऱ्या उपचारांचा खर्च आणि आयुष्यातील सुखसोयींना मुकावे लागल्याबद्दलची रक्कमही मागता येते. शारीरिक वेदना आणि मनाला बसलेला धक्का यांचे मोल पैशात होत नाही हे खरे. तरीही कायदा त्यांची दखल घेतो आणि त्यासाठी वेगळी रक्कम देतो.

भावी कमाईच्या नुकसानीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज येथेच आढळतात. डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रावर अपंगत्वाची टक्केवारी असते आणि तेवढेच टक्के कमाई बुडाली, असे अर्जदार धरून चालतो. विमा कंपनीचा युक्तिवाद तर अनेकदा त्याहूनही कमी टक्क्यांचा असतो. वरील निकालाने दिलेले उदाहरण असे : डावा हात कापावा लागला आणि अपंगत्व सुमारे ६० टक्के ठरले, तरी ती व्यक्ती सुतार किंवा वाहनचालक असेल तर तिची कमावण्याची क्षमता जवळजवळ पूर्णपणे गेलेली असते, आणि तीच व्यक्ती सरकारी कचेरीत कारकून असेल तर तिची नोकरी टिकूही शकते. म्हणजे न्यायाधिकरणाला शरीराच्या टक्केवारीवर न थांबता त्या दुखापतीने या विशिष्ट माणसाच्या कामाचे काय झाले, हे पाहायचे असते.

याचा आकड्यांवर होणारा परिणाम पाहावा. ३८ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा सुतार महिना १५,००० रुपये कमावत होता असे सिद्ध झाले, तर त्याचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये होते. वय चाळिशीच्या आत असल्याने भावी उत्पन्नवाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले की ते २,५२,००० रुपये होते, आणि ३६ ते ४० या वयोगटासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या निकालाने ठरवून दिलेल्या १५ या गुणकाने (वार्षिक उत्पन्नाला गुणण्यासाठी वयानुसार ठरवलेला आकडा) गुणल्यावर ३७,८०,००० रुपये येतात. केवळ प्रमाणपत्रातील ६० टक्के धरले तर या शीर्षकाखाली २२,६८,००० रुपये मिळतील; कमाईची क्षमता पूर्ण गेली हे पटवून देता आले तर सगळी रक्कम मिळेल. १५,१२,००० रुपयांचा हा फरक पुराव्यावर अवलंबून असतो, आणि म्हणूनच उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व कामाच्या स्वरूपाचा पुरावा आम्ही टाळू देत नाही. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या वैयक्तिक खर्चापोटी उत्पन्नातून वजावट होते. जखमीच्या दाव्यात ती होत नाही, कारण तो माणूस जिवंत असतो आणि त्याचा खर्चही चालूच असतो.

पगाराची पावती नाही म्हणून दावा करता येत नाही, हा समज आम्हांला विशेष खटकतो. हातावर पोट असणाऱ्यांचे उत्पन्न न्यायाधिकरण परिस्थितीवरून आणि किमान वेतनाच्या आधारे ठरवू शकते. बँकेचे पासबुक, मालाच्या खरेदीच्या पावत्या, नेहमीच्या गिऱ्हाइकाची साक्ष यांनी ते अधिक नेमके होते. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचे मोल उत्पन्न म्हणून धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे. ‘त्या काही कमवत नव्हत्या’ असे वाक्य घरच्यांनी जबाबात सहज बोलून टाकू नये. ते वस्तुस्थितीला धरूनही नसते.

चालकाचा दोष सिद्ध न करता भरपाई मिळण्याचीही सोय आहे. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी २,५०,००० रुपये आणि मृत्यूसाठी ५,००,००० रुपये ठरलेले आहेत. हाड मोडणे हे कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतीत येते. मात्र विमा कंपनीमार्फत या कलमाखालील रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. घरात पैशांची चणचण असताना समोर आलेला प्रस्ताव नाकारणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो. तरीही त्यावर सही करण्यापूर्वी एकदा कार्यालयात येऊन हिशेब समजून घ्यावा. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर शासनाच्या योजनेतून गंभीर जखमीला ५०,००० रुपये आणि मृताच्या वारसांना २,००,००० रुपये मिळतात. २०२५ पासून अपघातग्रस्तांना नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत आणि १,५०,००० रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारही मिळू शकतात.

अपघातात अर्जदाराचाही काही दोष आढळला, तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. म्हणून घटनास्थळाचा पंचनामा आणि प्रथम खबर यांच्या प्रती लवकर मिळवून वाचाव्यात. वाहनाची दिशा किंवा क्रमांक चुकीचा नोंदला गेला असेल, तर पोलिसांकडे तत्काळ लेखी कळवावे. रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि तिला जोडलेले बिल, तपासण्यांचे अहवाल, क्ष-किरण फिल्म, कामावरून घेतलेल्या रजेचा दाखला हे सर्व तारखेनुसार लावून ठेवावे. वैद्यकीय विम्यासाठी मूळ बिले द्यावी लागली, तर त्याआधी साक्षांकित प्रती करून घ्याव्यात. सोबतीला ठेवलेल्या माणसाला दिलेल्या पैशांची पावती फार थोडे लोक घेतात. ती दर महिन्याला घ्यावी.

न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या रकमेवर साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळते. ती रक्कम अपुरी वाटल्यास निवाड्याच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते, त्यासाठी निवाड्याची प्रमाणित प्रत मिळण्याचा अर्ज आम्ही त्याच दिवशी करतो.