कुलूप आणि किल्ली एकाच हातात

गुप्त संदेशाच्या व्यवहारात तिघे असतात: पाठवणारा, घेणारा आणि मधेच डोकावणारा. संदेश उलगडणारी किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, पहिल्या दोघांकडेच राहते, आणि सगळी सुरक्षितता त्यावर उभी असते. विकलेल्या चित्रपटाच्या बाबतीत मात्र घेणारा आणि ज्याच्यापासून लपवायचं तो, हा एकच माणूस. चित्रपट दिसायचा तर किल्ली त्याच्या यंत्रात पोचायलाच हवी. कॉपी रोखण्याच्या प्रत्येक उपायाची खरी अडचण ही आहे.

डीव्हीडीच्या किल्ल्या 40 बिटांच्या होत्या. चकतीची किल्ली चकतीवरच असे, पण प्लेअर-कंपन्यांच्या किल्ल्यांनी कुलूपबंद केलेली. एका सॉफ्टवेअर प्लेअरने आपली किल्ली नीट झाकली नव्हती. ती सापडली आणि 1999 मध्ये डीव्हीडीचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा छोटासा प्रोग्राम जगभर पसरला. ब्लू-रेसाठी मग 128 बिटांच्या किल्लीचं, एईएस नावाचं गणिती कुलूप आलं. ते गणित आजही कोणाला फोडता आलेलं नाही, आणि तशी गरजही पडली नाही: 2006-07 मध्ये संगणकावर चित्रपट चालू असताना मेमरीतूनच किल्ल्या उचलल्या गेल्या.

टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआय केबलमधलं चित्र कुलूपबंद करणारी एचडीसीपी ही पद्धत तर रचनेतच कच्ची होती. प्रत्येक उपकरणाला 56 बिटांच्या 40 किल्ल्या मिळत, आणि त्या एकाच मूळ सारणीतून साध्या बेरजांनी काढलेल्या असत. त्यामुळे 40 च्या आसपास उपकरणांच्या किल्ल्या हाती आल्या की समीकरणं सोडवून मूळ सारणी मिळवता येते, हे 2001 मध्येच दाखवून झालं होतं. 2010 मध्ये ती सारणी खरोखरच उघड झाली.

आता स्ट्रीमिंगमध्ये किल्ली प्रोसेसरच्या वेगळ्या, बंदिस्त भागात ठेवतात. उलगडलेली चित्रंही तिथून थेट पडद्याकडे जातात. म्हणून स्क्रीनशॉट काळा येतो. ज्या यंत्रात असा भाग नाही, त्याला बहुधा कमी स्पष्टतेचंच चित्र देतात. हा बंदोबस्त आधीच्यांपेक्षा नक्कीच भक्कम आहे. तरीही पडद्यातून प्रकाश बाहेर पडणारच, आणि कॅमेऱ्यापुढे कुठलीही किल्ली चालत नाही. आवाजाचं तर त्याहून सोपं.

म्हणूनच माझ्या मते जास्त कामाचा उपाय रोखण्याचा नाही, माग काढण्याचा आहे. चित्रपटाचे 6-6 सेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येकाच्या वेगवेगळ्या छुप्या खुणेच्या दोन आवृत्त्या बनवतात. डोळ्याला फरक कळत नाही. प्रत्येक ग्राहकाला या आवृत्त्यांचा वेगळा क्रम जातो. 20 तुकड्यांत, म्हणजे अवघ्या 2 मिनिटांत, 10,48,576 क्रम होतात. फुटलेली प्रत तपासली की क्रमावरून खातं सापडतं. खूण मात्र कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणात आणि पुन्हा दाबून लहान केलेल्या फाइलमध्येही टिकावी लागते, नाहीतर सगळं फुकट.

चोरही यावर शिकतात. दोघांनी आपल्या प्रतींचे तुकडे आलटून पालटून जोडले की तयार होणारा क्रम कुणाचाच नसतो. अशा मिश्रणातूनही निदान एक तरी दोषी सापडावा, यासाठी गाबोर टार्डोश या गणितज्ञाने 2003 मध्ये खुणांचे क्रम ठरवणारे संकेत (कोड) मांडले. त्यांत टोळी दुप्पट झाली की खूण सुमारे चौपट लांब लागते. दोन तासांच्या चित्रपटात तेवढी जागा असते. चालू सामन्यात, तो संपण्याआधीच चोरीचं प्रक्षेपण बंद पाडायचं असताना, ती मिळत नाही.