निम्मी वाटणी सगळीकडे न्यायाचीच असते का?

शेत बटईने केलं की मळणीनंतर सोयाबीनची पोती निम्मी-निम्मी होतात, हे लातूर-बीडकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मालकाने दहातली आठ उचलली तर पारावरचा तिऱ्हाईतही म्हणेल, 'हे काही बरं नाही.' ही चीड माणसाच्या रक्तातच असते की आपल्या रिवाजातून येते?

याची एक चाचणी आहे. १९८२ साली जर्मन अर्थशास्त्रज्ञांनी ती मांडली. दोन अनोळखी माणसं घ्यायची. पहिल्याला साधारण दिवसाच्या मजुरीएवढी रक्कम द्यायची, समजा ५०० रुपये. त्यातले दुसऱ्याला किती द्यायचे ते त्याने सांगायचं. दुसऱ्याने 'हो' म्हटलं तर तशी वाटणी, 'नको' म्हटलं तर दोघांच्याही हाती धुपाटणं. डाव एकदाच, नावं गुपित. नुसता हिशेब पाहिला तर दुसऱ्याने दहा रुपयेही घ्यावेत. पण शहरातले विद्यार्थी ४० ते ५० टक्के देऊ करतात, आणि २० टक्क्यांखालचा देकार बऱ्याचदा धुडकावला जातो.

हाच डाव मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांकडे घेऊन गेले. तिथे सरासरी देकार २६ टक्के, आणि नकार जवळपास नाहीच. पुढे अशा १५ लहान समाजांत तो खेळवला. इंडोनेशियातल्या लामालेराचे लोक जमावाने देवमासा मारतात. त्यांनी सरासरी ५८ टक्के दिले. पापुआ न्यू गिनीतल्या आउ आणि ग्नाउ लोकांत तर निम्म्याहून जास्त दिलेलंही नाकारलं गेलं! नवल वाटायला नको. ऐपतीबाहेरचा आहेर वहीत लिहून घेताना आपलाही हात जड होतोच. तो कधीतरी फेडायचा असतो.

वय, लिंग, श्रीमंती यांतून हा फरक उलगडला नाही. बाजाराशी किती संबंध येतो आणि पोटासाठी किती जणांना एकत्र राबावं लागतं, यावरून बराचसा उलगडला. मात्र निव्वळ स्वार्थाचं गणित एकाही समाजात तंतोतंत उतरलं नाही. माझ्या मते वाटणी जोखण्याची खोड सगळीकडची. किती म्हणजे रास्त, हे पोट भरण्याच्या रीतीवर.

हा डाव आपल्या गावात मांडायचा तर पारावर मांडू नये. चार लोक बघत असले की सगळेच उदार होतात. प्रत्येकाला एकट्याला बसवून आधी विचारावं, 'पहिल्याने १०० देऊ केले, दुसऱ्याने नाकारले, तर कुणाला किती?' उत्तर चुकलं तर तो आकडा धरू नये. रक्कम फुटकळ ठेवली तर लोक गंमत म्हणून खेळतात. आणि 'बटई' हा शब्द चुकूनही काढू नये, नाहीतर सगळे निम्म्यावरच येतील. केनियातल्या ओर्मांना असाच एक सामाईक वर्गणीचा खेळ दिला, तेव्हा त्यांनी तो लगेच ओळखला: हा तर आमचा 'हरांबे', म्हणजे गावकामाची वर्गणी.

माचिगेंगांना मात्र कंजूस ठरवू नये. कमी मिळालं तरी ते घेत, कारण त्यांच्या लेखी पहिला होण्याचं नशीब आपलं नव्हतं, एवढंच.