एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ७: एका टिंबामागचा इतिहास

प्रोलॉग या तर्कावर आधारलेल्या प्रोग्रामिंग भाषेत लिस्ट म्हणजे पहिला घटक आणि उरलेली लिस्ट अशी दोन भागांची रचना. प्रत्येक रचनेला नाव लागतं, आणि लिस्टच्या रचनेचं नाव कित्येक दशकं साधं टिंब होतं. `[आंबा, फणस]` हे फक्त लिहायच्या सोयीचं रूप; आत साठायचं ते `'.'(आंबा, '.'(फणस, []))`. एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही ती भाषा चालवणारी एक प्रणाली; तिच्या ७व्या आवृत्तीने, २०१४ च्या आसपास, ते नाव `'[|]'` केलं. रिकामी लिस्ट `[]` आणि `'[]'` हा ॲटम (म्हणजे नावासारखं अखंड मूल्य) तोवर एकच होते, तेही वेगळे झाले. शिवाय दुहेरी अवतरणातल्या मजकुराचा अर्थ बदलला. ओळी मोजल्या तर बदल थोडेच आहेत, पण त्यांनी पायालाच हात घातला.

हा पाया मार्सेयमध्ये पडला. १९७२ च्या सुमारास आलँ कोलमेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग उभी केली ती फ्रेंच वाक्यांवर संगणकाने काम करावं म्हणून. तर्कशास्त्राची बाजू एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्कींनी भक्कम केली. पुढे एडिंबरोतच डेव्हिड वॉरन यांनी डेक-१० या संगणकासाठी कंपायलर लिहिला आणि तिथली लिहिण्याची पद्धत सर्वत्र रुजली. तिच्यात "abc" लिहिलं की आत साठायची ती `[९७, ९८, ९९]` अशी अक्षरांच्या संकेतांकांची लिस्ट. व्याकरणाच्या कामाला हे फार सोयीचं होतं: नियम लिस्टच्या तोंडाशी असलेलं एकेक अक्षर उचलतो आणि उरलेली लिस्ट पुढच्या नियमाच्या हाती देतो. त्यासाठी मजकुराचा वेगळा प्रकार लागतच नव्हता.

१९९५ च्या आयएसओ प्रमाणाने हा प्रश्न मिटवला नाही. दुहेरी अवतरणातला मजकूर म्हणजे संकेतांकांची लिस्ट, एकाक्षरी ॲटमांची लिस्ट की एकच ॲटम, हे एका फ्लॅगवर, म्हणजे बदलता येणाऱ्या सेटिंगवर, सोडलं. आणि फ्लॅगचं मूळ मूल्य काय असावं, हे प्रत्येक प्रणालीवर.

यान विलेमाकर यांनी ॲमस्टरडॅममध्ये १९८७ साली एसडब्ल्यूआय-प्रोलॉग सुरू केली. पुढे ती वेब सर्व्हर, एक्सएमएल, आरडीएफ अशा कामांना जुंपली गेली आणि जुन्या सोयीची किंमत दिसू लागली. ६४-बिट यंत्रावर लिस्टची एक कडी तीन शब्द, म्हणजे २४ बाइट घेते. लॅटिन लिपीतल्या १ एमबी मजकुराची संकेतांकांची लिस्ट केली, तर ती २४ एमबी होते. दुसरा मार्ग ॲटमचा. ॲटम एका सामायिक तक्त्यात एकदाच साठतो, त्यामुळे दोन ॲटम समान आहेत का हे झटक्यात कळतं. पण एकदा वापरून टाकून द्यायचा मजकूर त्या तक्त्यात भरला की तो झाडून काढायचं काम मागे लागतं, आणि अनेक थ्रेड चालू असताना ते आणखी किचकट होतं. स्ट्रिंग हा प्रकार प्रणालीत आधीपासून होताच. त्यात लॅटिन मजकुराला दर अक्षरी १ बाइट लागतो. देवनागरीला लिनक्सवर दर संकेतांकाला ४. (काना-मात्रा स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे "मराठी"ची लांबी ५ भरते.) ७व्या आवृत्तीने दुहेरी अवतरणं या प्रकाराला दिली आणि संकेतांकांच्या लिस्टसाठी उलटं एकेरी अवतरणचिन्ह, म्हणजे बॅककोट, ठेवलं.

टिंबाचं कारण वेगळं. जेएसओएनसारख्या माहितीसाठी याच आवृत्तीत डिक्ट हा किल्ली-मूल्यांच्या जोड्यांचा प्रकार आला, आणि त्यातलं मूल्य काढायला टिंबाची खूण घ्यायचं ठरलं: आधी डिक्ट, मग टिंब, मग किल्लीचं नाव. हेच चिन्ह लिस्टच्या रचनेचंही नाव राहिलं असतं तर दोन्ही अर्थ एकमेकांवर आदळले असते. `[]` वेगळं करण्यामागेही असाच गोंधळ होता. मजकूर घेणाऱ्या प्रेडिकेटला (प्रोलॉगमधलं फंक्शनसारखं साधन) `[]` दिलं, तर तो रिकामा मजकूर समजायचा की दोन कंसांचा? आता `[] == '[]'` खोटं ठरतं. तरी `[]` हा ॲटम आहे का असं विचारलं, तर उत्तर अजूनही हो असंच येतं. यावर पुष्कळजण अडखळतात.

खरी अडचण पुढे आहे. बहुतेक भाषांत प्रकार चुकला की प्रोग्राम तक्रार करून थांबतो. प्रोलॉगमध्ये मात्र "जमत नाही" हे वैध उत्तर आहे. लिस्ट जोडणाऱ्या अपेंडला किंवा घटक शोधणाऱ्या मेंबरला स्ट्रिंग दिली, तर ती ना `[]` शी जुळते ना लिस्टच्या रचनेशी. मग त्रुटी येत नाही, फक्त `false` हे नकाराचं उत्तर येतं आणि प्रोग्राम शांतपणे दुसऱ्या पर्यायाकडे वळतो. व्याकरण चालवणारं फ्रेज त्या मानाने प्रामाणिक आहे: लिस्ट हवी होती, स्ट्रिंग मिळाली, असं ते स्पष्ट सांगतं. व्याकरणाच्या नियमांच्या आत लिहिलेला अवतरणातला मजकूर पूर्वीसारखाच चालतो. गणितात एका अक्षराची स्ट्रिंग अजूनही संकेतांक देते. ॲटम बनवणारी प्रेडिकेटंही स्ट्रिंग स्वीकारतात. त्यामुळे जुन्या प्रोग्रामचा बराच भाग धडधाकट राहतो आणि मोडलेला भाग त्यात लपून जातो. चाचण्या नसलेल्या प्रोग्रामला सगळ्यात मोठा धोका इथेच असतो.

म्हणून आवृत्तीसोबत आलेली साधनं महत्त्वाची. तपासणीच्या लायब्ररीतलं लिस्ट_स्ट्रिंग्ज हे प्रेडिकेट नियमांतल्या संशयास्पद स्ट्रिंग शोधून देतं. स्थलांतराची सुरुवात तिथूनच करावी. नंतर प्रत्येक ठिकाणी बॅककोट घालायचा, की फाइलच्या डोक्यावर डबल_कोट्स फ्लॅग संकेतांकांवर लावायचा, हे ठरवता येतं. तो फ्लॅग त्या फाइलपुरताच लागू राहतो, त्यामुळे बाकीच्या लायब्ररी बिघडत नाहीत. सुरू करताना `--traditional` हा पर्याय दिला तर जुना अर्थ सगळीकडे परत येतो, पण डिक्ट हातचे जातात आणि त्यांवर उभ्या लायब्ररीही. नव्या कामासाठी हा रस्ता धरू नये. रचनेचे तुकडे `=..` ने पाडून पहिला तुकडा टिंब आहे का हे पाहणारे नियम हाताने शोधावे लागतात, कारण तिथे आता `'[|]'` येतं. सी भाषेत लिहिलेल्या जोडण्यांत टिंबाच्या नावाने फंक्टर (रचनेचं नाव आणि घटकसंख्या) बनवलेला असेल, तर त्याजागी हेडर फाइलमधले ॲटम_डॉट आणि ॲटम_निल हे मॅक्रो घालायचे.

या प्रणालीच्या आवृत्तीक्रमांकातला मधला आकडा विषम असेल तर ती विकासाची शाखा, सम असेल तर स्थिर. असे बदल आधी विषम शाखेत वापरून घासले जातात. बदलाच्या नोंदीच्या सुरुवातीला मॉडिफाइड, ॲडेड किंवा फिक्स्ड असा शब्द असतो. आवृत्ती बदलण्याआधी निदान मॉडिफाइड नोंदी वाचाव्यात, कारण जुनं वर्तन बदलल्याचं तिथे नोंदवलेलं असतं.

हाच एक मार्ग होता असं नाही. रस्टमध्ये लिहिलेली स्क्रायर प्रोलॉग दुहेरी अवतरणातला मजकूर एकाक्षरी ॲटमांची लिस्टच मानते, पण आत तो सलग बाइटांत दाबून साठवते. लिस्टची सोय राहते आणि २४ बाइटांचा भार टळतो. ही मांडणी अधिक सुंदर आहे, यात वाद नाही. मात्र एसडब्ल्यूआयकडे तोवर सीतल्या जोडण्या आणि मजकुराच्या लायब्ररींचा मोठा पसारा होता आणि स्ट्रिंग प्रकार तयारच होता. एकच फाइल दोन्हीकडे चालवायची असेल, तर अवतरणांचा अर्थ गृहीत न धरता डबल_कोट्स फ्लॅग फाइलच्या पहिल्या ओळींतच स्वतः लिहावा.