पेंग ओळखणाऱ्या चिपची पार्श्वभूमी

पुणे–बंगळुरू महामार्गावर धावणाऱ्या ट्रकांच्या आणि रात्रीच्या बसच्या केबिनमध्ये चालकाकडे तोंड करून बसवलेला छोटा कॅमेरा आता दिसू लागला आहे. डोळा लागला की तो ओरडतो, फोनकडे मान वळली की ओरडतो. कराड-मिरज पट्ट्यातले ट्रान्सपोर्टवाले तो घेताना हमखास विचारतात : आत एआय चिप कुठली, आणि किती टॉप्सची (टॉप्स म्हणजे चिपच्या वेगाचं छापील माप)? कॅमेऱ्यासोबतच्या पेटीवर चिपचं नाव नसतं, विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं, मग अंदाज सुरू होतात. हे अंदाज चुकतात कुठे हे कळायला या चिप आल्या कुठून ते आधी पाहावं लागतं.

डोळ्यांवरून पेंग मोजण्याची रीत १९९० च्या दशकातली. एका मिनिटातला किती वेळ डोळा ८० टक्के किंवा त्याहून जास्त मिटलेला होता, ती टक्केवारी म्हणजे ‘परक्लोस’. ही मोजपट्टी आजही बऱ्याच पेट्यांत आहे. त्याच दशकाच्या शेवटी अमेरिकेत ट्रकसाठी एक प्रायोगिक यंत्र झालं. ते ८५० आणि ९५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात डोळ्यांची दोन चित्रं घेई. ८५० ला डोळ्याचा पडदा प्रकाश चांगला परत फेकतो, ९५० ला डोळ्यातलं पाणी तो बराचसा शोषून घेतं. एकातून दुसरं चित्र वजा केलं की काळ्या पार्श्वभूमीवर दोन चमकत्या बाहुल्या उरत. एआयचा पत्ता नव्हता, नुसती वजाबाकी होती. अंधारात हे उत्तम चाले, दिवसाच्या उजेडात कोलमडे.

२००६ मध्ये एका जपानी आलिशान मोटारीत स्टेअरिंगच्या कॉलमवर कॅमेरा आला. सुरुवातीला तो फक्त चेहऱ्याची दिशा पाही, पापण्या पाहणं दोन वर्षांनी आलं. २००९ मध्ये एका जर्मन कंपनीने कॅमेराच टाळला आणि स्टेअरिंगच्या बारीक हिसक्यांवरून थकवा ओळखायचं ठरवलं. हा फाटा पुढे कायद्यातही शिरला, ते खाली येईलच. २०१२ नंतर चित्र ओळखण्याचं काम न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामकडे गेलं, आणि २०१७-१८ च्या सुमारास मोबाईलवर चालतील इतकी हलकी नेटवर्क तयार झाली. चिपचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

या चिपची घराणी दोन आहेत. पहिलं घराणं मोटारीसाठीच बनवलेल्या चिपचं : टीडीए-४, एएम-६२ए यांसारख्या. त्या वाहनांच्या तापमान-परीक्षेतून गेलेल्या असतात आणि कारखान्यातूनच बसवलेल्या यंत्रणेत दिसतात. दुसरं घराणं सीसीटीव्हीचं. २०१८ मध्ये चीनमध्ये लांब पल्ल्याच्या बस आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांत चालकावर नजर ठेवणारे कॅमेरे बसवण्याचा सरकारी रेटा आला. इतक्या गाड्यांना स्वस्त पेट्या हव्या होत्या, आणि त्यांसाठी हाताशी होत्या त्या पाळत-कॅमेऱ्यातल्या चिप. त्यांत चित्र सुधारणारा भाग तयार होता, व्हिडिओ आकुंचित करणारा भाग तयार होता, जोडीला छोटा न्यूरल भाग टाकला की काम झालं. त्या काळी या बाजारावर एकाच चिनी कंपनीचा पगडा होता. २०२० च्या अमेरिकी निर्बंधांनंतर त्या चिप मिळेनाशा झाल्या आणि पेटी बनवणाऱ्यांनी दुसरा पुरवठा शोधला. तेव्हापासून बाहेरून सारख्या दिसणाऱ्या, एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन पेट्यांत आतली चिप वेगळी असू शकते. आपल्याकडे गाडी घेतल्यानंतर बाहेरून बसवल्या जाणाऱ्या पेट्यांपैकी बऱ्याच याच दुसऱ्या घराण्यातल्या असाव्यात. हा अंदाज किमतीवरून आणि त्यांत चार-चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग फुकट मिळतं यावरून बांधता येतो.

आता ‘टॉप्स’. या शब्दाने जितका गोंधळ घातला आहे तितका दुसऱ्या कशानेच नाही, म्हणून तो उकलून सांगायला हवा.

एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. एक गुणाकार आणि त्याची बेरीज यांना दोन क्रिया धरतात. एएम-६२ए मधला न्यूरल भाग म्हणजे ३२ बाय ३२ गुणाकारांची जाळी, एकूण १,०२४ खाने. एक गिगाहर्ट्झवर प्रत्येक खान्याने सेकंदाला शंभर कोटी वेळा काम केलं की १,०२४ गुणिले २ गुणिले शंभर कोटी, म्हणजे साधारण २ टॉप्स. टीडीए-४ मध्ये जाळी ६४ बाय ६४, म्हणून ८ टॉप्स. हा आकडा मोजून काढलेला नसतो, असा गुणाकार करून छापलेला असतो. प्रत्येक खाना प्रत्येक ठोक्याला कामावर आहे असं त्यात गृहीत आहे.

चालकाकडे पाहायला लागतं किती? २०१८ च्या एका प्रसिद्ध हलक्या नेटवर्कला एका चित्रामागे सुमारे ३० कोटी गुणाकार-बेरजा लागतात, म्हणजे ६० कोटी क्रिया. सेकंदाला ३० चित्रं धरली तर १,८०० कोटी. चेहरा शोधणं, चेहऱ्यावरचे बिंदू, पापणी, हातातला फोन किंवा सिगारेट अशी या मापाची चार नेटवर्क चालवली तरी ७,२०० कोटी, म्हणजे ०.०७२ टॉप्स. दोन टॉप्सच्या चिपचा हा चार टक्क्यांहूनही कमी भाग झाला. कागदावर.

प्रत्यक्षात तीच चिप धापा टाकते. हलकी नेटवर्क हलकी होतात ती चित्राचा प्रत्येक थर वेगवेगळा हाताळून. एका थराला एका वेळी नऊच गुणाकार लागतात आणि थर एकमेकांत मिसळत नाहीत. १,०२४ खान्यांच्या जाळीत मग मूठभर खाने राबतात, बाकीचे मोकळे बसतात. त्यातच आकडे मेमरीतून यायची वाट पाहावी लागते, आणि त्याच मेमरीवर चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालू असतं. म्हणून सहा टॉप्सची पेटी दोन टॉप्सच्या पेटीपेक्षा तिप्पट हुशार असते हे म्हणणं चूक आहे. जो विक्रेता फक्त हा आकडा सांगतो त्याने काहीच सांगितलेलं नाही.

विचारायचं ते वेगळं. कॅमेरा १,२८० बाय ८०० बिंदूंचा आहे आणि चेहऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर आहे असं धरू. साधारण ५० अंशांच्या भिंगात त्या अंतरावर ६५ सेंटिमीटर रुंदी बसते, म्हणजे एका सेंटिमीटरला २० बिंदू. उघड्या डोळ्याची फट असते सुमारे एक सेंटिमीटर, २० बिंदू. डोळा ८० टक्के मिटला की उरतात ४. सगळा निवाडा या चार बिंदूंवर होतो. चिपवरचा ताण कमी करण्यासाठी कोणी आधी पूर्ण चित्रच निम्मं केलं तर उघडा डोळा १० बिंदूंचा आणि मिटत आलेला २ बिंदूंचा होतो. मग बारीक डोळ्यांच्या माणसाला पेटी सतत झोपलेला ठरवते. चांगली पेटी चेहरा शोधायला लहान चित्र वापरते आणि डोळ्याचा तुकडा मात्र मूळ चित्रातून कापून घेते.

दुसरी गोष्ट चित्रांचा वेग. पापणीची साधी उघडझाप ०.१ ते ०.४ सेकंदांची असते. सेकंदाला ३० चित्रं असतील तर ०.२ सेकंदांच्या उघडझापेत ६ चित्रं मिळतात, १० असतील तर दोनच. दोन चित्रांवरून पापणी संथ झाली आहे की नुसती मिचकली हे कळत नाही. आणि मराठीत ज्यांना दोन वेगळे शब्द आहेत त्या पेंग आणि डुलकी इथेही वेगळ्याच आहेत. परक्लोस पेंग मोजतं, त्याला मिनिटभराची खिडकी लागते. ८० च्या वेगाने ट्रक तेवढ्यात १,३०० मीटरहून जास्त पुढे जातो. डुलकी एक-दोन सेकंदांची असते. तिच्यासाठी ‘डोळा सलग इतका वेळ मिटला’ असा वेगळा नियम पेटीत असावा लागतो.

यानंतर येतं ऊन. या कॅमेऱ्यांना बहुधा ९४० नॅनोमीटरचे दिवे असतात. ८५० चे दिवे रात्री लालसर टिपक्यासारखे दिसतात आणि चालकाला खुपतात. शिवाय ९४० च्या आसपास सूर्यप्रकाशातला बराच भाग हवेतली वाफ शोषून घेते, त्यामुळे दिव्याला उन्हाशी झुंजावं लागत नाही. तोटा असा की सेन्सरलाही ९४० कमीच दिसतं. सातारा–कराड पट्ट्यात रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि आपला चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे सकाळी पुण्याकडे जाताना आणि दुपारनंतर कोल्हापूरकडे जाताना ऊन थेट त्याच्या खिडकीतून उजव्या गालावर येतं. अर्धा चेहरा पांढराफटक, अर्धा काळा. परदेशी, डावीकडे बसणाऱ्या चालकांच्या चित्रांवर शिकलेलं नेटवर्क इथे उजवा डोळा हरवतं. चष्म्यावर दिव्याचा ठिपका पडणं, थंडीत नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर, मांडीवरचा फोन पाहताना खाली झुकलेली आणि मिटल्यासारखी दिसणारी पापणी, या नेहमीच्या चुका. कॅमेरा स्टेअरिंगच्या मागे असेल तर घाटातल्या वळणावर चाकाचा दांडा आणि हात मध्ये येतात. ए-पिलरवरून, म्हणजे समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावरून, ही अडचण टळते, पण चेहरा तिरका दिसतो.

उष्णतेकडे सर्वांत कमी लक्ष जातं. वाहनासाठीच्या चिपना दर्जे असतात : दुसऱ्या दर्जाची चिप १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते, तिसऱ्या दर्जाची ८५ पर्यंत. साध्या व्यापारी चिपची हद्द ७० ची. मे महिन्यात सांगलीत उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ७० अंश सहज गाठले जातात, आणि पेटीच्या आत त्याहून जास्त. चिप तापली की स्वतःचा वेग कमी करते, ३० चित्रांची १५ होतात, पेटी चालू दिसते आणि उघडझाप मोजणं मात्र संपलेलं असतं. म्हणून पेटी डॅशवर न ठेवता सीटमागे किंवा डॅशखाली ठेवावी, कॅमेरा तेवढा वर.

चिपचा अंदाज बांधायचाच असेल तर खूण दोन ठिकाणी सापडते. २४ व्होल्टच्या तारेत मीटर लावून प्रवाह पाहावा. ०.२५ अँपिअर म्हणजे ६ वॅट, त्यात दिवे आणि सिमकार्डचा मोडेमही आला, तेव्हा चिपच्या वाट्याला एक-दोन वॅट. हे सीसीटीव्ही घराणं. दुसरी खूण वेळेची. चावी फिरवल्यापासून तयार व्हायला अर्धा मिनिट घेणारी पेटी बहुधा अँड्रॉइडवर चालते, दहा सेकंदांच्या आत उठणारी हलक्या लिनक्सवर.

कायद्याने युरोपात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पेंगेचा इशारा जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीचा झाला. तो फक्त स्टेअरिंगच्या हालचालीवरून दिला तरी चालतो, कॅमेरा लागत नाही, एआय चिप तर नाहीच. लक्ष विचलित झाल्याचा इशारा जुलै २०२४ पासून नव्या मॉडेलना आला आणि जुलै २०२६ पासून सर्व नव्या गाड्यांना. त्यात ताशी ५० किलोमीटरच्या वर नजर ३.५ सेकंद भलतीकडे असली की इशारा, २० ते ५० मध्ये ६ सेकंद. याला कॅमेरा हवाच. जाहिरातीत या दोन्हींना एकच नाव दिलं जातं. पेंगेचा नियम ताशी ७० च्या वर लागू होतो. उसाने भरलेला ट्रक ७० गाठतच नाही, आणि गळीत हंगामात पहाटे तीनला कारखान्याच्या रांगेकडे निघालेला चालक ३० च्या वेगातही पेंगतो. हा आकडा इथे जसाच्या तसा उचलणं मला घातक वाटतं.

आपल्याकडे अवजड वाहनांसाठी पेंगेच्या इशाऱ्याचं मानक एआयएस-१८४ आहे, आणि मार्च २०२५ च्या मसुद्यात केंद्राने तो इशारा, लेन सुटल्याचा इशारा आणि आपत्कालीन ब्रेक मोठ्या बस-ट्रकना लावायचं मांडलं. कारखान्यातून बसून येणारी यंत्रणा वेग गाडीच्या स्वतःच्या तारेवरून घेईल. बाहेरून बसवलेल्या पेटीला मात्र बऱ्याचदा तीनच तारा जोडतात : बॅटरी, इग्निशन, अर्थ. वेग ती जीपीएसवरून घेते. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यात जीपीएस नाही. वेग शून्य दिसला की पेटी गाडी उभी आहे असं समजून इशारे बंद करते, आणि बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडताच ते कुप्रसिद्ध एस वळण येतं. तिथे उपग्रह पुन्हा सापडायला काही सेकंद जातात, त्याच वेळी कॅमेराही काळोखातून उन्हात आल्याने आंधळा असतो. वेगाची चौथी तार जोडून घेतली तर यातली निम्मी अडचण सुटते. वायरमनला त्यासाठी फार तर अर्धा तास लागतो.