प्रशिक्षण वेगळं, केसचर्चा वेगळी

रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला 'तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?' असं विचारलं, की बहुधा उत्तर येतं, 'मागच्याच महिन्यात ट्रेनिंग झालं की!' घोळ इथूनच सुरू होतो. सुपरव्हिजन म्हणजे आपण हाताळलेल्या केसवर अनुभवी माणसासोबत नियमित केलेली केसचर्चा, ट्रेनिंग नव्हे.

फवारणीचं औषध पिऊन आलेला शेतकरी घ्या. मराठवाड्यातल्या कुठल्याच जिल्हा रुग्णालयाला हा रुग्ण नवा नाही. प्रशिक्षणात काय कळतं? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेतल्या जुन्या ३०९ सारखं सरसकट कलम राहिलेलं नाही. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद मात्र होतेच. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. एवढं चाळीस जणांना एका दुपारी सांगून होतं.

केसचर्चेत हीच केस कागदावरून उघडते. नोंदीत 'चुकून प्यायले' असं आहे. कोणी सांगितलं? भावाने. रुग्णाशी एकट्याशी बोललात? नाही, खाटेभोवती चार नातेवाईक होते. 'पोलिसांचं झेंगट नको' म्हणून घरच्यांनी ठरवलेलं वाक्य कार्यकर्त्याने जसंच्या तसं उतरवलं. कलम त्याला पाठ होतं. माणसं बाजूला कशी काढायची ते जमत नव्हतं. मग ठरतं असं: भावाला औषधाच्या चिठ्ठीसाठी खाली पाठवायचं, तेवढी दहा मिनिटं रुग्णाजवळ बसायचं. 'का केलं?' हा प्रश्न टाळायचा. 'घरी गेल्यावर पुन्हा तसंच मनात आलं तर?' हे सरळ विचारायचं. अन् डिस्चार्जआधी घरच्यांकडून फवारणीचे डबे कुठं ठेवतात ते विचारून घ्यायचं, ते कुलपात जातील हे पक्कं करायचं.

महिन्यातून दोनदा, तासभर, तीन-चार जण आणि फार तर दोन केसेस, एवढं पुरे. प्रत्येकाने अर्धं पान आणायचं: रुग्णाला काय हवं होतं, मी काय केलं, कुठं अडलो. तिसरा मुद्दा कोरा असेल तर ती केस आणूच नये. हिंगोलीसारख्या ठिकाणी एकट्यानेच काम करणाऱ्याने शेजारच्या जिल्ह्यातल्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी किंवा समाजकार्य महाविद्यालयातल्या क्षेत्रकार्याच्या प्राध्यापकांशी फोनवर वेळ बांधून घ्यावा.

केसचर्चेचा आणखी एक तोतया म्हणजे आढावा बैठक. तिथं 'किती समुपदेशनं झाली' हे विचारतात, कशी झाली ते नाही. आपल्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिणारा साहेबच केसचर्चा घेऊ लागला तर चुका कोणी दाखवत नाही. सगळे आपापल्या यशोगाथा घेऊन येतात. शक्यतो माणूस बाहेरचाच असावा.

मात्र बाहेर केस नेताना नाव आणि मोबाइल नंबर खोडणं पुरत नाही. छोट्या तालुक्यात गाव, जमीन अन् पोरांची संख्या सांगितली तरी घर ओळखू येतं. आणि अर्ध्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही.